शेंदराखालचे दोन आकडे

सर, शेंदूर निघाला.

तुम्ही असताना निघाला नाही. तुमच्या तेरवीचा मांडव उतरून महिना झाला नसेल, दौलतमामांचा फोन आला, "बाई, देवानं चोला सोडला. येता का?" मी वणीला कॉलेजात पेपर तपासत बसले होते. लाल पेन उघडंच टाकून उठले. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगते, मग हवं तर रागवा. मनात आलं, एवढी वर्षं थांबलात त्या दगडासाठी, अजून दोन महिने थांबायला काय झालं होतं तुम्हाला?

हा लेख लोक वाचतील. त्यांना ना दगड माहीत, ना आपलं भांडण. त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही तोवर काकूंच्या हातचा चहा पीत बसल्यासारखे बसा आणि मी चुकले की नेहमीसारखं खाकरा.

वणीच्या पलीकडे, कोळशाच्या ट्रकांचा धुरळा जिथं संपतो तिथं एक लहानसं गाव आहे. गावाबाहेर कडुनिंबाखाली ओट्यावर एक उभा दगड, माणसाच्या कमरेइतका. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली तीन ओळी. कोणीतरी देवळातल्या दिव्यासाठी जमीन दिली, त्या दानाचा तो लेख. गावाला दानाशी घेणंदेणं नाही. गावासाठी तो देव आहे. नवस फिटला की शेंदूर, लग्न झालं की शेंदूर, आणि पीक बुडालं तर नक्कीच शेंदूर, तोही जवसाच्या तेलात कालवलेला. ते तेल एकदा वाळलं की त्याला छिन्नीसुद्धा घाबरते. शेंदराच्या त्या कवचाला गाव चोला म्हणतं. तुम्ही तरुणपणी पहिल्यांदा तिथं गेलात तेव्हा वरच्या दोन ओळी उघड्या होत्या, तिसरी शेंदराखाली. आणि साल नेमकं या दोन ओळींच्या सांध्यावर. शतकाचे आकडे दुसऱ्या ओळीच्या शेवटी, पुढचे दोन तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे शतक कळतं, साल कळत नाही.

तुम्ही अक्षरांच्या वळणावरून अंदाज केलात, एक साल लिहिलंत आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलंत. पुढे जे झालं ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. पुढच्या अभ्यासकानं तुमचं साल घेतलं आणि प्रश्नचिन्ह गाळलं. त्याच्या पुढच्यानं तुम्हा दोघांचा हवाला दिला. त्या सालावरून कोणी शेजारच्या देवळाचा काळ ठरवला, त्या देवळावरून कोणी आणखी एकाचा. आणि बऱ्याच वर्षांनी तुम्ही तुमचा मोठा ग्रंथ लिहिलात, तेव्हा या सगळ्या विद्वानांचा आधार देऊन तेच साल तुम्ही स्वतः प्रश्नचिन्हाशिवाय छापलंत. सगळे म्हणतात म्हणजे खरंच असेल. आणि सगळे म्हणत होते ते तुमच्याकडूनच ऐकून.

ते मी दाखवलं तुम्हाला. एम.ए.ची पोरगी होते, जिभेला हाड नव्हतं. तुमच्या घरच्या ओसरीवर दोन्ही पुस्तकं उघडून समोर ठेवली आणि विचारलं, "सर, हे चिन्ह कुठं गेलं?" तुम्ही दोन्ही पानांवरून बोट फिरवलंत. मग चष्मा काढलात आणि म्हणालात, "नसीम, मी माझंच उष्टं खाल्लं गं."

दुसरा कोणी असता तर मला दुसरा विषय घ्यायला लावला असता. तुम्ही दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून दगड दाखवायला नेलंत. त्या दिवसापासून तुम्हाला एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आत ते दोन आकडे डोळ्यांनी बघायचे आणि चुकलं असेल तर स्वतःच्या नावानं छापून टाकायचं, की मी चुकलो. बाकी मानपान, सत्कार, शाल-श्रीफळ, कशाचीच तुम्हाला पडलेली नव्हती. काकू चिडून म्हणायच्या, "यांना घरातलं साल विचारा, लग्नाचं. ते आठवत नाही."

ती स्कूटर आठवते ना? माझे अब्बा लोहाऱ्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवायचे, तुमची स्कूटर तिथं महिन्यातून एकदा तरी यायचीच. डिकीत ब्रश, कागदाची गुंडाळी, शाईचा डबा, पाण्याची बाटली. अब्बा म्हणायचे, "सरजी की गाडी में पेट्रोल कम, सामान जादा." मला पुढे शिकवायची की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा तुम्ही गॅरेजात टायरवर बसून अब्बांना म्हणालात, "शेखभाई, तुमी इंजिन खोलून पाहता तशी ही पोरगी पुस्तक खोलून पाहते. हिले थांबवू नका." अब्बांनी थांबवलं नाही. मी आज ज्या खुर्चीवर बसते ती त्या टायरवरून आली. हे तुम्हाला कधी सांगायचं राहूनच गेलं, कारण भेटलो की आपण भांडायचो.

भांडण शेंदराचं होतं. मी म्हणायची, खरवडून काढा. पुरातत्त्ववाल्यांना पत्र लिहा, पोलीस घेऊन जा, काहीही करा, पण काढा. तुम्ही ठसा घ्यायला ओला कागद दगडाला लावायचात, वरच्या ओळींवर ब्रशनं ठोकायचात, आणि शेंदराच्या कडेला आलात की हात आपोआप थांबायचा. गंमत म्हणजे दर खेपेला ती कड थोडी वर सरकलेली असायची. आधी दुसऱ्या ओळीचा शेवट गेला. मग अर्धी दुसरी ओळ.

कारण वर्षंच तशी आली. कापूस बुडाला की शेंदूर चढायचा. एका साली बोंडअळी, एका साली पावसानं दोनदा पेरायला लावलं, एका साली पिकलं तर भाव नाही. जिनिंगच्या बाहेर गाड्यांची रांग लागलेली आणि गाडीवान गाडीखालीच झोपलेले, असं बघत आपण वणीचा रस्ता कापायचो. गावात पोचलो की दौलतमामा, म्हणजे त्या देवाचे पुजारी, आधी सांगायचे की या खेपेला कोणाच्या घरी जायचं आहे. आपण आधी त्या घरी जायचो. मग दगडाकडे. असं एकदाच झालं नाही, सर. मला वाटतं असं पुढे पुढे दर खेपेलाच झालं.

त्या काळात खांद्याला पिशवी आणि गळ्यात कॅमेरा असलेला माणूस म्हणजे शेतकऱ्यांच्या मरणाची चौकशी करणाऱ्या कमिटीचा. एका घरी आपण ओसरीवर टेकलो नाही तोच एक बाई आतून आली आणि उभ्या उभ्या सांगायला लागली. नवरा कधी गेला, आदल्या दिवशी काय जेवला, फवाऱ्याचा पंप कुठं ठेवला होता. पाठ झालेलं सगळं. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. तिचं संपल्यावर तुम्ही हात जोडून म्हणालात, "माय, आम्ही कमिटीचे नाही. आम्ही दगड वाचायला आलो." ती म्हणाली, "मंग वाचा," आणि आत निघून गेली.

त्या दिवशी तुम्ही ठसा घेतला नाहीत. पिशवी उघडलीसुद्धा नाही. ओट्यावर बसून राहिलात, आणि तेवढ्यात तीच बाई वाटीत शेंदूर घेऊन आली. आपल्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं करून तिनं देवाला बोटं फिरवली, तिसऱ्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. मी दात ओठ खात होते. तुम्ही उठून जागा करून दिलीत.

परत येताना करंजीच्या फाट्यावर चहाला थांबलो तिथं मी तोंड सोडलं. म्हटलं, सर, तुम्हाला अभ्यास करायचा आहे की पुजारी व्हायचं आहे? तुम्ही कपातली साय बोटानं बाजूला केलीत. "तो थर म्हणजे त्यांची वर्षं आहेत, नसीम. मी माझ्या एका सालासाठी त्यांची एवढी वर्षं खरवडू?" मला तेव्हा ते पटलं नाही. खरं सांगू, ते वाक्य मला भाषणातलं वाटलं. मी म्हटलंसुद्धा तसं. तुम्ही हसलात आणि चहाचे पैसे मला द्यायला लावलेत.

पण खरं भांडण त्याच्या नंतरचं. ते अजून मिटलेलं नाही.

तुमची तब्येत उतरायला लागली होती. दम लागायचा, ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला माझा हात धरायचात. दौलतमामांनी ते बघितलं. तो माणूस तुमच्यावर जीव टाकायचा. त्यांनी तुम्हाला कडुनिंबाच्या मागे नेलं, मी मागोमाग आले. हळूच म्हणाले, "सर, आमी हात लावू शकत नाई. चोला देवानं आपल्या मनानं सोडा लागते. नाईतर सपनात येऊन सांगा लागते का काढा म्हनून. मले तर काई सपन पडून नाई राह्यलं. पन तुमी म्हना ना का तुमाले पडलं. गाव तुमचं आयकते. मी उद्याच्याले गरम तेल लावून अलगद काढून देतो. कोनाले काय समजते?"

एवढं सोपं होतं. एक वाक्य. देव सपनात आला. मी तर मनातल्या मनात ठशाचा कागदही भिजवला होता.

तुम्ही म्हणालात, "मामा, मले सपनंच पडत नाई जी. मी डोये मिटले का सकाळच."

आणि झालं. दौलतमामा हसले, तुम्ही हसलात, एकट्या मला हसू आलं नाही. स्कूटर तर तेव्हा केव्हाच सुटली होती, एसटीनं परत येत होतो. अख्खी गाडी ऐकेल अशी भांडले मी तुमच्याशी. म्हटलं, कोणाचं काय गेलं असतं? गाव राजी, पुजारी राजी, देवाची तक्रार नाही. तुम्हाला एकट्याला खऱ्याचा कायले एवढा पुळका? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आयुष्यभर लोकांच्या तारखा तपासल्या. हा म्हणतो ते खरं का, तो म्हणतो ते खरं का. आणि शेवटी मीच एक खोटं सपन घुसवू?" मग थोड्या वेळानं, जास्त हळू, "आणि पुढच्या साली कापूस बुडाला तर? म्हणतील, सरच्या सपनानं देव उघडा केला. ते कोण निस्तरेल? मी तर नसेन."

मी म्हटलं, बुडायचा तो तसाही बुडतोच. कळंब आलं, यवतमाळ आलं, उतरलो, रिक्षा केली, तरी मी तेच घोकत होते.

त्यानंतर आपण त्या गावाला परत गेलो नाही. दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती तेव्हाही माझा राग गेला नव्हता, हे तुम्हाला कळत होतं. आपण भलतंच बोलत बसलो. तुमच्या लेखांचा संग्रह छापायला गेलाय, मुद्रितं मी तपासावीत, मुखपृष्ठावर तुमचा फोटो टाकला तर तुम्ही भूत होऊन येणार. निघताना माझा हात धरलात. मला वाटलं आता काही मोठं बोलणार. तुम्ही म्हणालात, "जवसाचं तेल लय चिवट असते गं." एवढंच. ते शेवटचं.

तर सर, आता परवाचं ऐका.

मी पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. या वर्षीचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत. दगडही तापून तडकावा असा. ओट्याभोवती सगळं गाव उभं. शेंदराचा चोला एकसंध सुटून पुढे झुकला होता, तो गावानं आधीच उतरवून नव्या पांढऱ्या कापडावर ठेवला होता, तोंड वर करून. मधल्या काळात शेंदूर पार वरपर्यंत चढला होता; चंद्र-सूर्यांचे उंचवटे दिसत होते त्यावर. तुटक्या कडेला थरावर थर, कुठं भगवे, कुठं काळपट, आणि सगळ्यांत वरचे काही एवढे जाड की मी बोट लावायला गेले आणि मागे घेतलं. तुम्ही म्हणाला होतात ते वर्षांचं, ते मला त्या कडेवर दिसलं. उशिराच दिसलं, पण दिसलं.

मग मी दगडाकडे वळले.

वरची ओळ आहे. दुसरी अर्धी आहे. तिसरी नाही. तिथं नुसता खरबरीत पांढुरका खड्डा आहे, खपली काढल्यासारखा. तो वाळूचा दगड, त्याच्या पापुद्र्यात तेल मुरत गेलं होतं, आणि चोला सुटला तेव्हा तो पापुद्रा भुगा होऊन गळला. मी खाली बसून कडेनं पाहिलं. अक्षरांच्या खाचांत भरलेला शेंदूर चोल्याच्या पाठीवर ठशासारखा उठून आला होता. तुमची तिसरी ओळ तिथं होती, सर. पाठीमागे, आरशातल्यासारखी उलटी, कापडाकडे तोंड करून.

फक्त उलटं करायचं होतं.

मी दौलतमामांना म्हटलं, जरा पालथा करता का, एक फोटो काढते. ते घाबरल्यासारखे झाले. "देवाले पालथं घालत नाई, बाई. नदीत सोडेपर्यंत तोंड वरतंच राह्यते. मढं बी पालथं नेत नाई कोनी, हा तर देव हाय." गर्दीत चुळबुळ झाली. नारळ फुटला होता, डफडं वाजायला लागलं होतं, नदी दूर नव्हती. चौघांनी कापडाची टोकं धरली.

आणि तेव्हा तो म्हातारा पुजारी माझ्या जवळ आला. डोळे भरलेले होते त्याचे. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "बाई, तुमी सरच्या लेकीवानी. सर तुमच्या सपनात आलते काय? काई बोल्ले काय देवाबद्दल?"

डफडं थांबलं. चौघं थांबले. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. त्यात ती वाटीतल्या शेंदराची बाईही होती. तिचे केस पांढरे झालेत आता.

मामांनी दार उघडून दिलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. सर आले होते, म्हणाले पाठ बघून घ्या. गावानं केलं असतं. तुमच्यासाठी केलं असतं. ज्या एका वाक्यासाठी मी तुमच्याशी अख्खा एसटीचा प्रवास भांडले, ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. खोटं बोलायला मी काही घाबरत नाही, तुम्हाला माहीत आहे. अब्बांना सिनेमाबद्दल कमी थापा मारल्या नाहीत. पण त्या बाईकडे बघत होते आणि मृगाला महिना उरला होता. ढेकळं फोडून, वखरून शेतं तयार पडली होती. या वर्षी पुन्हा काही झालं तर हे लोक कोणाचं नाव घेतील? तुमचं. तुम्ही त्यांच्यात जेवढे उरलात, तेवढंही माझ्या थापेनं नासलं असतं.

आणि दुसरं, जे मी अजून कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी वाट बघते आहे. रोज झोपताना वाटतं आज याल, खाकराल, म्हणाल काहून रागावली. येत नाही तुम्ही. मामांनी विचारलं तेव्हा मी अडले ती लबाडीच्या विचारानं नाही. तुम्ही खरंच आला नव्हतात.

"नाई आले, मामा," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली, आणि चौघांना म्हणाले, "चाला गा."

मी नदीपर्यंत गेले. उन्हाळ्यात तिथं एकच डोह उरतो, त्यात सोडला. पांढरं कापड थोडा वेळ वर राहिलं, मग तेही गेलं. तुमचे दोन आकडे माझ्या डोळ्यांदेखत बुडाले आणि मी काठावर चपला हातात घेऊन उभी होते. बायांनी मला प्रसादाचं खोबरं दिलं. त्या बाईनं विचारलं, "वाचून झालं काय तुमचं?" मी म्हटलं, नाई झालं. तिनं माझ्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला.

काल यवतमाळला काकूंकडे गेले. तुमच्या खुर्चीवर त्यांनी वाळवणाचं सूप ठेवलंय, म्हणजे कोणी बसू नये. सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. म्हणाल्या, "चल, सुटले एकदाचे त्या दगडातून." मग पदर डोळ्याला लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी तिथंच बसून तुमच्या संग्रहाची शेवटची मुद्रितं काढली आणि त्या पानावर आले. साल तसंच होतं, सरळ, ठाम, खोटं असेल किंवा खरं असेल, आता कोणालाही कळणार नाही. त्याच्यापुढे मी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं. छापखान्यातल्या माणसानं आज फोन केला. मॅडम, एवढ्या मोठ्या सरांच्या पुस्तकात हे बरं दिसत नाही, चुकून पडलं का? मी म्हटलं, चुकून गळालं होतं. राहू द्या.

तुम्हाला स्वतः करायचं होतं ते, मला माहीत आहे. पण माझ्या हातून झालं. भांडणात तुम्ही बरोबर होतात हे मी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही. त्या पापुद्र्याचा विचार आला की अजूनही वाटतं, त्या दिवशी कडुनिंबामागे एक शब्द बोलला असतात तर. मग ती बाई आठवते आणि मी गप्प बसते.

एवढंच म्हणते सर, आता यायला हरकत नाही. चोला नदीत गेला, पुस्तक छापायला गेलं, तुम्ही सपनात आलात तर आता कोणी मला काही विचारणार नाही. या.